मोटारगाडीचा नवा रंग : मेण केव्हा व कसे लावावे

मोटारगाडीचा रंग हा केवळ शोभेचा विषय नव्हे. पत्र्याला हवा, पाणी व मीठ यांपासून दूर ठेवणारे ते कवच होय. गोव्यासारख्या किनारी प्रदेशात वाऱ्याबरोबर खाऱ्या पाण्याचे सूक्ष्म कण येतात आणि पाऊस चार महिने टिकतो. येथे कवचास भेग पडली की गंज आत शिरण्यास विलंब लागत नाही. शाळेची बस असो वा आरोग्य केंद्राची रुग्णवाहिका असो, तिचे रंगकाम पुन्हा करावयाचे म्हणजे खर्च तर आलाच. शिवाय तितके दिवस गाव त्या सेवेस मुकते. म्हणून नव्या रंगाची निगा कशी राखावी, हे चालक व अधिकारी या दोघांनीही जाणून घेणे अगत्याचे आहे.

वाळणे आणि पक्के होणे

हाताला कोरडा लागलेला रंग पक्का झाला, असा सर्वसाधारण समज आहे. तो बरोबर नाही. रंग फवारता यावा म्हणून त्यात थिनर मिसळलेले असते. वरचा पापुद्रा काही तासांत सुकतो. आतील थिनर मात्र पुढे कित्येक दिवस हळूहळू बाहेर पडत राहते. एनॅमल रंगास त्याशिवाय हवेतील प्राणवायू लागतो, तर हार्डनर घालून वापरावयाच्या रंगात रासायनिक क्रिया पूर्ण व्हावी लागते. या अवधीत वर मेण चढविल्यास थिनरची वाट अडते. परिणामी रंग नरम राहतो, चकाकी मंदावते व प्रसंगी बारीक फोड उठतात.

कारखान्यातून आलेल्या नव्या गाडीस मेण लगेच चालते, मग हिला का नको, असा प्रश्न येथे उद्भवतो. कारखान्यात टायर, तारा व काचा बसविण्यापूर्वी नुसता सांगाडा सुमारे १४० अंश सेल्सिअस तापमानाच्या भट्टीत भाजतात. गॅरेजमध्ये सर्व भाग जोडलेल्या गाडीस इतकी उष्णता देता येत नाही. तेथील भट्टी साधारण ६० अंशांची असते, आणि पुष्कळ ठिकाणी तीही नसते. यास्तव रंगाच्या डब्यावरील सूचना प्रथम पाळावी. सूचना नसल्यास भट्टीत भाजलेल्या रंगास किमान एक महिना व हवेत वाळविलेल्या रंगास दोन ते तीन महिने थांबावे.

प्रतीक्षेच्या काळातील काळजी

१. पहिला आठवडा गाडी धुऊ नये. पुढे केवळ स्वच्छ, गार पाण्याने धुवावी. ब्रश वापरू नये.

२. गाडी सावलीत पण मोकळ्या हवेत ठेवावी. झाडाखाली ठेवू नये. प्लॅस्टिक वा ताडपत्री घालू नये. तिच्याखाली ओल कोंडते.

३. पक्ष्यांची विष्ठा किंवा झाडाचा चीक पडल्यास ओल्या कापडाने भिजवून तत्काळ उचलावा, खरवडू नये.

४. लाल धूळ कोरड्या फडक्याने पुसू नये. तिचे कण रंगावर ओरखडे काढतात.

५. चकाकीसाठी डिझेल किंवा रॉकेलचा हात फिरविण्याची सवय सोडावी. त्याने रंग नरमतो व धूळ चिकटते.

६. दसऱ्याच्या पूजेत तेलात कालविलेला शेंदूर नव्या रंगास लावू नये. हार बंपरला बांधावा. चिकटपट्टी व जाहिरातीचे कागद टाळावेत.

मेण लावण्याची रीत

मेण व पॉलिश एक नव्हेत. पॉलिशमध्ये घासणारे कण असतात व ते रंगाचा थोडा अंश काढून टाकते. रंगाच्या सर्व थरांची मिळून जाडी साधारणपणे वहीच्या एका पानाएवढीच भरते, हे ध्यानी घेता वारंवार पॉलिश करणे हितावह नाही. मेण मात्र वर थर देते. ब्राझीलमधील एका ताडवृक्षाच्या पानांपासून मिळणारे कार्नोबा मेण यासाठी प्रसिद्ध आहे.

गाडी सौम्य साबणाने धुऊन पूर्ण कोरडी करावी. कपड्यांची पावडर वापरू नये. पत्रा गार असताना, सावलीत, स्पंजाने मेणाचा अगदी पातळ हात द्यावा. एका वेळी एकच भाग घ्यावा. मेण वाळून धूसर दिसू लागले की स्वच्छ, मऊ सुती कापडाने पुसावे. खाली पडलेले कापड पुन्हा वापरू नये.

मेण कायम टिकत नाही. पाणी टाकल्यावर थेंब गोल उभे राहिले तर ते शाबूत आहे. पाणी पसरले तर पुन्हा लावावे. रंगकाम फेब्रुवारीत उरकल्यास मे महिन्यात मेण लावता येते आणि पक्क्या कवचानिशी गाडी पावसास सामोरी जाते. मेण हे रंगकामाचे शेवटचे पाऊल आहे. ते घाईने पहिले करू नये.