ओले सरपण पेट का घेत नाही?

प्रश्न : पावसाळ्यात चुलीतले लाकूड नुसते धुमसते, याचे कारण काय, आणि लाकडाच्या जाळाचे तपमान किती असते?

उत्तर : ज्याला आपण लाकूड जळणे म्हणतो, ते बव्हंशी लाकडातून निघणाऱ्या वायूंचे ज्वलन होय. लाकडात पाणी शिल्लक आहे तोवर मिळालेली उष्णता त्याची वाफ करण्यातच खर्ची पडते, आणि एक ग्रॅम उकळत्या पाण्याची वाफ होण्यास सुमारे 540 कॅलरी लागतात, हे ध्यानी घेतले म्हणजे ओल्या सरपणाच्या पायी होणाऱ्या नुकसानीचा अंदाज येईल. ते वाळून त्याचे तपमान 200 अंश सेल्सिअसच्या वर चढले की विघटनास आरंभ होऊन ज्वालाग्राही वायू सुटतात, व सुमारे 300 अंशांच्या पुढेमागे, जवळ ज्योत असल्यास, ते पेट घेतात. डोळे चुरचुरवणारा धूर म्हणजे बहुतांशी हेच न जळलेले इंधन. ते स्वयंपाक करणाऱ्या स्त्रियांच्या फुप्फुसांत जावे, ही गोष्ट मला अत्यंत क्लेशदायक वाटते. ज्वालेचे तपमान, हवेच्या पुरवठ्यानुसार, साधारणतः 800 ते 1,000 अंश भरते. तेव्हा सरपण वैशाखातच फोडून, वाळवून आडोशाला रचावे, आणि चुलीत लाकडांखाली हवेला वाट ठेवावी.