कोरडा लंगोट

"किती गुणी लेकरू! एवढ्या प्रवासात हूं नाही की चूं नाही." गुंटकल सोडल्यावर थोरल्या जाऊबाई सगळ्या डब्याला सांगत होत्या आणि मीही, खोटं कशाला बोलू, मनातून सुखावत होते. त्या दिवसापासून माझ्या पोरीला कुणी गुणी म्हटलं की माझा हात आधी तिच्या लंगोटाकडं जातो.

आम्ही गलाईवाले, म्हणजे सोनं-चांदी गाळणारे. माहेर माळशिरस, सासर खानापूर तालुक्यात आणि चूल कोईमतूरला. आमच्यातली पोरं मान धरायच्या आधी रेल्वे बघतात. त्यामुळं पाच महिन्यांची मुलगी आणि तीन वर्षांचा मुलगा घेऊन भर मे महिन्यात निघायचं, याचं कुणाला काही वाटलं नाही. वाटलं ते माझ्या आईला. "माउलींची पालखी माळशिरसहून पुढं जाऊ दे, दोन पाऊस पडू देत, मग न्या," ती म्हणाली. पण लग्नसराईत दुकान सोडून ह्यांना येता येईना आणि जाऊबाई परत निघालेल्याच होत्या. सोबत आयती मिळाली. "आमची नाही का वाढली?" या वाक्यापुढं आमच्या घरात कुणाचं चालत नाही. मी नको म्हटलं होतं. हे मुद्दाम लिहिते, कारण नंतर सगळे विसरले.

कुर्डुवाडीला अपरात्री गाडीत बसलो. स्लीपरचा डबा, आम्हा दोघींचे दोन बर्थ. पाच वर्षांखालच्या मुलाला तिकीट लागत नाही, पण बर्थही मिळत नाही. वेगळा हवा तर पूर्ण भाडं. ते पैसे घरच्यांनी वाचवले. उजाडलं तेव्हा समोरच्या बाकावर चार पुरुष. पोरीला पाजायला पदर ओढला, तर जाऊबाईंनी डोळे वटारले. "परक्या माणसांत कशाला? बाटली आणलीय की." रात्री थर्मासात भरलेलं गाईचं दूध. मी लाजले आणि बाटली हातात घेतली. या सगळ्यात माझी चूक असेल तर ही, आणि एवढीच.

रायचूर येईपर्यंत दोनदा पाण्यासारखी शी झाली. "दात येत असतील." मग पोर गप्प झालं. गुंटकलनंतर खिडकीतून भट्टीचा वारा यायला लागला. भट्टी आम्हाला नवी नाही, पण तिच्यापुढं कुणी तान्हं मूल ठेवत नाही.

कडप्पा गेल्यावर लंगोट बदलायला घेतला, तर कोरडा. क्षणभर बरं वाटलं, एक धुणं वाचलं. मग मनात हिशेब सुरू झाला. शेवटचा ओला कधी काढला? रायचूरला. म्हणजे सहा तास होऊन गेले होते. टाळूवर हात ठेवला, तर बोट खळग्यात गेलं. तळपायाला चिमटा काढला. ती कण्हली, तोंड वाकडं केलं, पण डोळ्यांत टिपूस नाही. पोर गुणी नव्हतं. त्याला रडायचं त्राण नव्हतं.

समोरच्या त्या चारांतल्याच एकानं १३९ ला फोन लावला. ज्यांची लाज धरली, तेच धावले. पुढच्या मोठ्या स्टेशनवर डॉक्टर आले. मला तेलुगू येत नाही, त्यांना मराठी. मी कोरडा लंगोट त्यांच्यापुढं धरला आणि घड्याळावर सहा बोटं दाखवली. त्यांना कळलं. उतरलो, दोन दिवस सलाईन. जाऊबाई मुलाला घेऊन पुढं गेल्या आणि घरी जाऊन सांगितलं, "आईचंच लक्ष नव्हतं."

आता ज्यांना जायचंच आहे त्यांच्यासाठी. सहा महिन्यांपर्यंत अंगावरचंच दूध, गाडीतही. ओढणीची दोन टोकं वरच्या बर्थच्या साखळीला बांधली की पडदा होतो; लाज डब्याची, तहान लेकराची. थर्मासात कोमट राहिलेलं दूध म्हणजे जंतूंना घातलेलं विरजण. लंगोट किती ओले झाले ते मोजा. सहा तास कोरडा म्हणजे थांबायची वेळ. हगवण लागली तरी अंगावर पाजणं तोडू नका. ओआरएसची मोठी पुडी एक लिटर पाण्यात पूर्ण रिकामी करायची, अर्धी ग्लासात नाही. डॉक्टर जस्ताच्या गोळ्या देतात त्या बरं वाटलं तरी १४ दिवस पुऱ्या करा. लसीचं कार्ड सामानात नको, पर्समध्ये हवं. मुलासाठी जादा बर्थ घ्या. वाचवलेल्या भाड्याच्या कितीतरी पट आमचे दवाखान्यात गेले. बाकी गर्दी टाळा, पाणी जवळ ठेवा, हे सगळेच सांगतात. आणि मुहूर्त, दुकान, सोबत यांच्या सोयीनं तान्ह्या मुलाची तारीख ठरवू नका. आई नको म्हणत असेल तर नको.

परवा जाऊबाईंची लेक तिच्या चार महिन्यांच्या बाळाला घेऊन निघाली. जीप दारात उभी होती. मी तिच्या पिशवीतला थर्मास काढून ओट्यावर ठेवला. जाऊबाई बघत होत्या. काही बोलल्या नाहीत.