क्रिबेन्सिस : नर कोणता, मादी कोणती?

शाळेच्या मत्स्यालयासाठी पश्चिम आफ्रिकेतील ‘क्रिबेन्सिस’ या ठेंगण्या सिक्लिड माशाची जोडी निवडताना रंगावर विसंबल्यास फसगत होते. मोरात नर देखणा. येथे मात्र विणीच्या काळात मादीचेच गडद लालसर पोट अधिक उठून दिसते. नराचे पोटही गुलाबी असतेच! म्हणून आकार पाहणे श्रेयस्कर. नर सुमारे १० सेंटिमीटर लांब, सडपातळ. त्याच्या पाठीवरील पराचे टोक अणकुचीदार असते. मादी लहान व गोलसर, तिचे पर आखूड. पिलांत हा भेद दिसत नाही. यास्तव पाच-सहा पिले एकत्र वाढवून जोडी आपोआप जुळू द्यावी आणि उरलेले मासे तत्काळ दुसऱ्या टाकीत हलवावेत. अंडी राखणारी जोडी लहान टाकीत इतरांना जिवंत ठेवीलच असे नाही. आम्लधर्मी पाण्यात वाढलेल्या पिलांत नर अधिक निघतात.