माहितीचे स्थलांतर आणि ‘दऱ्या’चा ‘दर्या’

एखाद्या संकेतस्थळावरील लेख आणि तक्ते एका सर्व्हरवरून दुसऱ्या सर्व्हरवर नेले जातात, तेव्हा प्रत्यक्ष प्रवास अंकांचा होतो. ‘ओतूर’ या शब्दात युनिकोडची चार चिन्हे आहेत : ओ, त, दीर्घ उकार आणि र. यूटीएफ-८ पद्धतीत प्रत्येकी तीन, म्हणजे एकूण 12 बाइट. नव्या सर्व्हरने ते लॅटिन संकेतनाने वाचले, तर 12 निरर्थक चिन्हे उमटतात. ही चूक निदान डोळ्यांना दिसते.

न दिसणारी चूक अधिक घातक. ओतूरहून माळशेज घाटाकडे जाताना लागतात त्या ‘दऱ्या’. जुन्या मजकुरात यातील आडवा र बहुधा ‘र, हलन्त आणि अदृश्य जोडचिन्ह’ असा साठवलेला असतो. स्थलांतरापूर्वीच्या ‘सफाई’त ते जोडचिन्ह निरुपयोगी समजून गाळले, की उरतो ‘दर्या’, म्हणजे समुद्र! तक्त्यातील ओळींची संख्या तेवढीच भरते. शुद्धलेखन तपासनीसही गप्प राहतो, कारण दोन्ही शब्द मराठीच. ‘आचाऱ्यास’ दिलेली दक्षिणा अशीच ‘आचार्यास’ पोहोचते.

नव्या मजकुरात हाच आडवा र ‘ऱ’ या स्वतंत्र चिन्हाला हलन्त जोडून साधतात. दोन्ही रूपे दिसायला एकच, पण यंत्राला भिन्न. त्यामुळे शोध अर्धवट होतो. म्हणून सफाईआधीच सर्व नोंदी दुसऱ्या रूपात आणाव्यात. हे काम तंत्रज्ञाने करावे. शब्दांची यादी मात्र भाषाभ्यासकानेच द्यावी लागते.

कृती : असे आणखी पाच जोडशब्द शोधा आणि प्रत्येकाचा अर्थभेद वाक्यात दाखवा.