कडीला कडी

प्रास्ताविक

सायकलची साखळी वारंवार उतरू लागली की दुरुस्ती करणारा सांगतो, "साखळी वाढली आहे." लोखंडाची साखळी वाढते कशी? प्रत्यक्षात लोखंड वाढत नाही. कड्यांना जोडणाऱ्या पिना आणि त्यांची भोके झिजतात. प्रत्येक सांध्यात केसभर जागा मोकळी होते आणि त्या सर्व जागांची बेरीज साखळीच्या लांबीत दिसते. पुढील पाठ अशाच एका साखळीविषयी आहे. ती मात्र काही टन वजनाची लढाऊ गाडी ओढते.

मूळ पाठ

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश राष्ट्रकुलाच्या सैन्यांनी 'युनिव्हर्सल कॅरिअर' ही चिलखती गाडी मोठ्या प्रमाणावर वापरली. बोलीभाषेत तिला 'ब्रेन कॅरिअर' म्हणत. वरून उघडी, ठेंगणी, फोर्ड कंपनीचे व्ही-एट इंजिन असलेली ही गाडी चाकांऐवजी लोखंडी पट्ट्यांवर धावे. ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड येथे मिळून अशा लाखभर गाड्या तयार झाल्या. 1941 साली इथिओपियातील गोंदरच्या वाटेवर सेकंड लेफ्टनंट प्रेमिंद्रसिंग भगत यांनी सलग चार दिवस सुरुंग शोधून काढले, ते अशाच कॅरिअरमधून. दोन वेळा त्यांच्या गाडीखाली सुरुंग फुटला. या कामगिरीबद्दल त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. ते ज्या बॉम्बे सॅपर्सचे अधिकारी होते, त्या दलाचे केंद्र पुण्याजवळ खडकी येथे आहे.

युद्ध संपले आणि यांतील बहुतेक गाड्या भंगारात गेल्या. ज्या उरल्या त्या आज संग्रहालयांत आणि हौशी माणसांच्या गोठ्या-गोदामांत आहेत. इंजिनाचे सुटे भाग शोधून मिळतात, पत्रा नवा ठोकता येतो. काम अडते ते पट्ट्यापाशी. युद्धकाळातील न वापरलेल्या कड्यांचा साठा सरत आला आणि त्यांच्या किमती चढत गेल्या. शिवाय पट्ट्यात एक-दोन नव्हे, शेकडो कड्या लागतात.

जुनी कडी वाळूत दाबून, तिच्याच ठशात नवी ओतली तर? सुचायला हे सोपे आहे. पण कोल्हापूरच्या फौंड्रीतील कोणताही जाणता पॅटर्नमेकर येथे मान हलवील. वितळलेला धातू थंड होताना आकसतो. बीड साधारण एक टक्का, तर पोलाद साधारण दोन टक्के आकसते. समजा, एक कडी 50 मिलिमीटर लांब आहे आणि एका बाजूच्या पट्ट्यात 150 कड्या आहेत. एक टक्का आकुंचनाने प्रत्येक कडी अर्धा मिलिमीटर आखूड होईल, म्हणजे सगळा पट्टा साडेसात सेंटिमीटर तोकडा पडेल. एखादी कडी वाढवून लांबी जुळविता येते, पण दातेरी चाकाचे दात काही जवळ येत नाहीत. पहिला दात खाचेत नेमका बसतो, दुसरा किंचित घासतो, पुढचा कडीवर चढू लागतो आणि पट्टा उसळतो. म्हणून पॅटर्न मुद्दाम मोठा करावा लागतो. त्यासाठी पॅटर्नमेकर जवळ वेगळी फूटपट्टी बाळगतो. तिच्यावरील खुणाच आकुंचनाच्या हिशेबाने लांबवलेल्या असतात. मूळ माप घ्यायचे तेही झिजलेल्या कडीवरून नव्हे, तर न वापरलेल्या कडीवरून किंवा जुन्या नकाशावरून.

धातूची निवड हा दुसरा पेच. साधे बीड स्वस्त असते, पण ठिसूळ. त्यातील ग्राफाइट पापुद्र्यांसारखे पसरलेले असते आणि त्या पापुद्र्यांच्या कडेने तडा धावतो. मूळ कड्या बीड दीर्घकाळ तापवून त्यात चिवटपणा आणलेल्या धातूच्या होत्या. ही पद्धत वेळखाऊ असल्यामुळे तसे काम करणाऱ्या फौंड्र्या आता थोड्या राहिल्या आहेत. त्याऐवजी आज 'एस. जी. आयर्न' वापरता येते. यात ग्राफाइट बारीक गोळ्यांच्या रूपात असते, त्यामुळे तडा सहजासहजी पसरत नाही. गंमत अशी, की या धातूचा शोध लागला तोही 1940च्या दशकातच.

कॅरिअरच्या बाबतीत आणखी एक खुबी लक्षात ठेवावी लागते. चालकाने सुकाणू थोडेसे फिरविले की खालची चाके आडवी सरकतात आणि पट्टाच किंचित वाकतो. गाडी हळुवार वळण घेते. सुकाणू अधिक फिरविल्यास त्या बाजूचा ब्रेक लागतो. म्हणजे पट्ट्याला थोडे वाकता आले पाहिजे. फार काटेकोर, घट्ट पिना बसविलेला 'उत्तम' पट्टा येथे निकामी ठरेल.

खर्चाचे गणित मात्र कडीपेक्षा पॅटर्नवर अडते. पॅटर्न एकदाच करायचा असतो. त्यावर दहा कड्या ओता की दहा हजार, त्याची किंमत तीच. एकट्या मालकाला ती झेपत नाही. चार-सहा मालकांनी मिळून मागणी नोंदविली, तर तीच किंमत वाटून जाते. काटकसरीचा मला पटणारा मार्ग हाच. याउलट, झिजलेल्या पट्ट्यात अधूनमधून नव्या कड्या घालणे ही खोटी काटकसर होय. लांब आणि आखूड कड्यांची मिसळ होते आणि नव्या कड्यांवर भलताच ताण येतो.

इतकी चिकित्सा कशासाठी? कॅरिअरचे ब्रेक मागील दातेरी चाकांवर असतात. ते जमिनीला टेकत नाहीत, पट्ट्यातून जमिनीवर जोर लावतात. पट्टा तुटला की त्या बाजूचे चाक नुसते हवेत फिरते आणि ब्रेक लावला तरी जमिनीला त्याचा पत्ता नसतो. ब्रेक फक्त दुसऱ्या बाजूला लागतो, म्हणून गाडी शाबूत पट्ट्याच्या बाजूला गर्रकन वळते. प्रदर्शनात त्याच बाजूला, दोरीपलीकडे, मुलांना खांद्यावर घेऊन माणसे उभी असतात.

स्वाध्याय

1. 'साखळी वाढली' या वाक्प्रयोगामागील खरे कारण आपल्या शब्दांत लिहा.
2. एक कडी 80 मिलिमीटर लांब असून पट्ट्यात 100 कड्या आहेत. धातू दोन टक्के आकसल्यास पट्टा किती तोकडा पडेल?
3. लेखकाने कोणत्या काटकसरीला 'खोटी' म्हटले आहे? तसे एक उदाहरण आपल्या व्यवसायातून किंवा घरातून द्या.