सरळ सुरी की मिटणारा चाकू? आत्याचे कानमंत्र

सोन्या, रोज जवळ बाळगायला छोटी सरळ सुरी घेऊ की मिटणारा चाकू, असं विचारलंस. बरं केलंस मला विचारलंस. दुकानदाराने दोन्ही गळ्यात मारले असते. जुहूत राहतोस, म्हणजे खारा वारा, चौपाटीची वाळू, अंधेरीची गर्दी आणि पोलिसांची नाकाबंदी, या चौघांना विचारूनच ठरवायला हवं. त्यांच्या वतीने मी सांगते.

१. आधी काय कापायचंय ते ठरव, मग चाकू बघायला जा — आंबा, पार्सलची सुतळी आणि नायलॉनचा दोर यांना एकच पातं सारखं चालत नाही. ज्याला कापायला काही नाही, त्याचं बोटच कापलं जातं.

२. ‘असू दे, संरक्षणाला होईल’ हे वाक्य मनातून पुसून टाक — भांडणात बाहेर काढलेला चाकू शेवटी कोणाच्या हातात जाईल, ते काढणाऱ्याला ठरवता येत नाही. हे पटत नसेल तर पुढचं वाचू नकोस, आणि चाकूही घेऊ नकोस.

३. हा वाद आपल्या स्वयंपाकघरात कधीचाच आहे. पाटाची विळी लाल भोपळ्यापुढेही हलत नाही, आणि घडीची विळी खोलीवर राहणाऱ्या पोरांच्या ट्रंकेत मावते — म्हणून एक चांगली आणि दुसरी वाईट असं कोणी म्हणत नाही. दोघींना नियम मात्र एकच, काम झालं की पातं पाडून ठेवायचं. उभी विळी पाय शोधते.

४. तुझे पणजोबा कोकणात कमरेमागे लाकडी आकडी बांधून तीत कोयती अडकवायचे. त्यांना कोणी हटकलं नाही — कारण पुढे माड होता, मागे आंब्याची बाग होती आणि हातात काम होतं. तुझ्यापुढे डी. एन. नगरचं मेट्रो स्टेशन आहे, हे विसरू नकोस.

५. सरळ सुरीचा गुण एकच, पण वजनदार — तिला सांधा नाही, त्यामुळे ती हातात मिटत नाही आणि धुवायला सोपी. घेताना एवढंच विचार, की पातं मुठीच्या शेवटापर्यंत गेलंय का. नुसतं बोटभर आत खुपसलेलं पातं कधीतरी मुठीतून निखळतं.

६. मोरागावच्या कोळ्यांबरोबर होडीतून जाणार असशील तर मुकाट्याने सरळ सुरीच घे, आणि ती एका हाताने निघेल अशी बांध — दोर पायात अडकला तर दुसरा हात काठ धरायला लागतो. तिथे नखाने पातं उघडत बसायला समुद्र थांबत नाही.

७. मिटणारा घेतलास तर त्याचा खटका समजून घे. साध्या चाकूला आत नुसती कमान असते, पातं उघडं राहतं ते तिच्या दाबावर — टोकाने भोसकायला किंवा पाठीवर जोर द्यायला गेलास की ते उलटं बोटावर मिटतं. खटक्याचा चाकू त्या बाबतीत बरा, पण खटक्यात वाळूचा कण बसला की तोही खोटं बोलतो. म्हणून उघडल्यावर कामाआधी पाठीवर अंगठ्याने हलकेच दाबून बघ, बोटं पात्याच्या वाटेतून बाजूला ठेवून.

८. तुझ्या त्या मित्राने दाखवला तो फ्रेंच ओपिनेल मलाही आवडला. १८९० सालापासूनचा घाट, आणि १९५५ पासून गळ्याशी फिरवायची कडी. पण त्याची मूठ लाकडाची, आणि आपला पाऊस जून ते सप्टेंबर — लाकूड फुगतं, पातं आतच रुतून बसतं, मग दाताने ओढायची बुद्धी होते. ती होऊ देऊ नकोस.

९. चौपाटीवरून आल्यावर चाकू गोड्या पाण्याने धू, आणि मिटणारा असेल तर उघडा ठेवून सांध्यातून पाणी सोड — वाळू दिसते, मीठ दिसत नाही. फडक्याने पुसून सांध्यात शिवणयंत्राच्या तेलाचा एक थेंब टाक. खोबरेल डोक्याला ठेव, ते सांध्यात चिकट होतं.

१०. ‘स्टेनलेस’वर फार विसंबू नकोस — क्रोमियममुळे गंज उशिरा येतो, येतच नाही असं नाही, आणि समुद्राकाठी तर जरा लवकरच येतो. साध्या पोलादाची सुरी धार छान घेते, पण कैरी-लिंबाने काळी पडते. काळी पडली तर घाबरू नकोस, तांबूस झाली तर मात्र त्याच दिवशी घास. गंज पाहुणा म्हणून येतो आणि घरमालक होऊन बसतो.

११. सुरी चामड्याच्या म्यानात घालून कपाटात टाकू नकोस — पावसाळ्यात चामडं ओल धरतं, बुरशी बाहेर दिसते आणि गंज आत चढतो. म्यान वेगळं, सुरी वेगळी, दोन्ही कोरडी. आणि म्यान घट्ट हवं: उलटं धरून झटकलं तरी सुरी पडता कामा नये. म्यान विसरला, त्याला मांडी आठवते.

१२. कमरेला सुरी लावून लोकलमध्ये चढू नकोस — विरारच्या गाडीत अंधेरीला जे दाबलं जातं, त्यात तुझी कंबर तुझी राहत नाही. आणि शर्टाखाली लपवलेलं पातं बघणाऱ्याला नेहमीच शंकेचं वाटतं.

१३. आता कायद्याचं, कान देऊन ऐक. २०१६ च्या शस्त्र नियमांत ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याची हत्यारं येतात. घरकाम, शेती, कारखान्याची अवजारं त्यातून वगळली आहेत. हे वाचून पोरं खूश होतात, ‘आपलं तर ३ इंचांचं!’ पण मुंबई पोलीस महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम ३७ खाली मनाई आदेश काढतात, आणि वरचेवर काढतात — त्या कलमात तलवार, भाला, बंदूक यांच्या पंगतीला चाकू आणि काठीही बसवली आहे, आणि लांबीची सवलत लिहिलेली नाही. आदेश चालू आहे का, हे पेपरात बघायची सवय लाव.

१४. नाकाबंदीत विचारलं तर खरं आणि थोडक्यात सांग, आणि हात खिशाकडे नेऊ नकोस. कुठे ठेवलाय ते तोंडाने सांग — हवालदाराला तुझा आंबा दिसत नाही, तुझा हात दिसतो. चाकू डब्याच्या पिशवीत, फळाशेजारी असेल तर बोलणं लवकर संपतं.

१५. बटण दाबताच उघडणारा घेऊ नकोस, कितीही ऐटदार वाटला तरी. रामपुरी हिंदी सिनेमाने इतका मिरवला, की तसं पातं बघून आंबा कोणाला आठवत नाही. दिल्लीत तर १९८० च्या अधिसूचनेने ७.६२ सेंटिमीटर लांब आणि १.७२ सेंटिमीटर रुंद किंवा त्याहून मोठ्या बटणदार चाकूंवर शस्त्र कायद्याखाली बंधन आणलं — तिकडे मावशीकडे जाताना तसला चाकू नेणं म्हणजे पाहुणचार पोलीस ठाण्यात घेणं.

१६. मेट्रोने जायचं असेल त्या दिवशी चाकू घरी. विमानाने जायचं असेल तर तो आत दिलेल्या बॅगेत, हातातल्या पिशवीत कधीच नाही — तपासणीच्या टोपलीत पडलेला चाकू परत मिळत नाही, आणि तो नेमका आवडीचा असतो.

१७. धार सायकलवाल्याकडून लावून घेणार असशील तर जाड सुरी दे, बारीक पातं देऊ नकोस — फिरत्या दगडावर ते तापून निळं पडलं की पोलादाचं पाणी उतरतं. घरी दगडावर लाव: पात्याची पाठ अर्ध्या करंगळीच्या जाडीइतकी उचल, दोन्ही बाजूंना सारखे हात फिरव. बोथट पात्याला जोर लागतो, आणि घाव होतो तो जोराने.

१८. सुरी कोणाच्या हातात देऊ नये, खाली ठेवावी आणि समोरच्याने उचलावी, असं आजी म्हणायची. ‘भांडण होतं’ हे तिचं कारण तू मानू नकोस, पण रीत मान — दोन हात एका मुठीवर आले की एक हात धारेवर असतो.

१९. कापलंच, तर स्वच्छ फडक्याने १० मिनिटं दाबून धर, मधे उचलून बघू नकोस — बघायला उचललं की गोठलेलं रक्त सुटतं. हळद कोंबू नकोस. जखम खोल असेल, बोट वाकत नसेल किंवा बधिर झालं असेल तर सरळ कूपर रुग्णालय गाठ आणि धनुर्वाताचं इंजेक्शन शेवटचं कधी घेतलं ते तिथे सांग.

२०. तर माझा निवाडा हा: रोजच्या पिशवीत ३ इंचांच्या आतला, साधा, हाताने उघडायचा मिटणारा चाकू; आणि होडीला, गावच्या वाडीला किंवा सहलीच्या स्वयंपाकाला म्यानातली सरळ सुरी, तीही तेवढ्यापुरती. दोन्हीपैकी एकच परवडत असेल तर मिटणारा घे, सरळ सुरी माझ्याकडून घेऊन जा.

२१. आणि गणपती विसर्जनाला चौपाटीवर उतरशील तेव्हा दोन्ही घरी ठेव. हाराची सुतळी सोडवायला माझ्याकडे कात्री आहे, आणि सुतळीही मी घरीच सोडवून आणते.