गुप्तलिपी कशी उकलावी? : पाठ पहिला

सकळ, सुंदरी इत्यादी लिप्यांत लिहिलेली पोथी प्रथमच उघडणाऱ्यास असे वाटते की, किल्ली ठाऊक असल्यावाचून हिचे एक अक्षरही लागणार नाही. ही समजूत अर्धीच खरी होय. ज्यास परंपरेने किल्ली लाभली, तो भिक्षुक पोथी सरळ वाचतो, यात शंका नाही. परंतु जेथे एका अक्षराच्या जागी नेहमी एकच दुसरे अक्षर वा चिन्ह योजलेले असते, तेथे भाषेच्या सवयी पारखून किल्ली नव्याने शोधता येते. बगदादच्या अल-किंदी या पंडिताने नवव्या शतकातच याची रीत लिहून ठेवली : अक्षरे मोजावीत, भाषेत जे अक्षर सर्वांत अधिक येते, ते गुप्त लेखातही वेष पालटून तितकेच अधिक येणार. आपल्याकडे विसाव्या शतकाच्या आरंभी इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी सकळ लिपीची उकल अभ्यासकांपुढे ठेवली, तेव्हा पंथाबाहेरील लोकांस हे वाङ्मय वाचता येऊ लागले.

आता प्रत्यक्ष उदाहरण घेऊ. पुढील ओळीत काना, मात्रा, वेलांटी जशीच्या तशी आहे. व्यंजने मात्र पालटली आहेत.

पी षामापूम शेपामा पो पिसा भेचसा

एकंदर अक्षरे चौदा. त्यांत 'प' पाच वेळा, 'म' तीन वेळा, 'स' दोन वेळा, बाकीची एकेकदा. चौदा अक्षरांच्या मोजणीवर फार विसंबू नये, परंतु 'प'वर बोट ठेवण्यास ती पुरेशी आहे. 'पी' आणि 'पो' हे एकाक्षरी शब्द आहेत. मराठीत असे जोडीचे शब्द कोणते? ती-तो, ही-हो, जी-जो. म्हणजे 'प' हा त, ह किंवा ज यांपैकी एक असावा.

प्रथम 'ह' धरून पाहू. दुसऱ्या शब्दाच्या अखेरीस 'हू' येऊन पुढे एक अक्षर उरते. ते 'न' मानल्यास 'हून' हा प्रत्यय छान बसतो. नवशिका येथेच हर्षित होतो. पण 'म' म्हणजे 'न' ठरला, की तिसऱ्या शब्दाचा शेवट 'हाना' होतो, आणि असा शब्द मराठीत नाही. 'ज' धरल्यास तोही तेथेच अडतो. 'त' धरल्यास मात्र 'तून' आणि 'ताना' हे दोन्ही शेवट निर्वेध लागतात. चुकीचे अनुमान दोन पावले बरोबर चालते व तिसऱ्या पावलास पडते. म्हणून तिसरे पाऊल टाकल्यावाचून काहीही निश्चित मानू नये.

'पिसा' हा 'तिला' की 'तिचा'? येथे निर्णय होत नाही. पण ओळीचा अंतही 'सा' आहे, आणि आपली वाक्ये बहुधा क्रियापदाने संपतात. म्हणून 'ला' अधिक संभवनीय.

आता तीन जोड्या हाती आल्या : त-प, न-म, ल-स. या जुन्याच आहेत. कामसूत्रात चौसष्ट कलांमध्ये 'म्लेच्छितविकल्प' ही गूढ भाषणाची कला सांगितली असून, त्यावरील यशोधराच्या जयमंगला टीकेत 'मूलदेवीय' नावाची युक्ती दिली आहे. (त्या ग्रंथाच्या मुख्य विषयाशी साधकास कर्तव्य नाही, कलेपुरते घ्यावे.) तीत अ-क, ख-ग, च-ट, त-प, न-म, य-श, र-ष, ल-स अशी अक्षरे परस्परांत बदलतात. कोष्टक ओळखू येताच उरलेली अक्षरे आपोआप सुटतात, 'भ' तसाच राहतो, आणि वाक्य निघते : ती रानातून येताना तो तिला भेटला.

पोथीत मात्र एवढे सुख नाही. जुन्या लेखनात शब्द तोडलेले नसतात, त्यामुळे एकाक्षरी शब्दांचा आधार जातो. तेथे ठरलेली वाक्ये उपयोगी पडतात. पोथीच्या आरंभी 'श्रीपरेशाय नमः' असण्याचा संभव असेल, तर हे ध्यानात घ्यावे की, त्यात 'श' दोनदा व 'र' दोनदा येतो. पहिल्या ओळीत त्याच अंतराने तीच चिन्हे पुन्हा आली आहेत काय, हे पाहावे. नसतील तर अनुमान सोडावे. वरील युक्तीने हे वाक्य 'य्षीतषेयाश मनः' असे होईल. येथे 'नमः' चे 'मनः' झाले, आणि तेही अर्थपूर्ण दिसते! अशा आयत्या अर्थाने पुष्कळांस फसविले आहे.

शेवटी एक सूचना. उकललेला मजकूर वेगळ्या कागदावर उतरावा. मूळ पानावर पेन्सिलीचीही खूण करू नये. जे अक्षर लागले नाही, त्या जागी टिंब द्यावे. शोभेल ते अक्षर तेथे भरले, तर पुढचा लेखक ते मूळ पाठ म्हणूनच नकलून घेतो, आणि निरूपणही त्याच चुकलेल्या शब्दावर होऊ लागते.